नऊ अणूंच्या रेणूला रांगेत जागा देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

माझ्या समर प्रोजेक्टच्या अहवालात गाइड मॅडमच्या नावाखाली, महासंगणकाच्या कामांची रांग सांभाळणारे म्हणून, तुमचे आभार आहेतच. पण एका ओळीत ते मावत नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. तिथे क्वांटम केमिस्ट्री म्हणजे फळ्यावर सोडवलेला हायड्रोजन अणू. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत मला प्रोजेक्टसाठी मॅलोनाल्डिहाइड हा रेणू मिळाला. अणू अवघे नऊ, पण त्यातला एक हायड्रोजन एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे जातो. त्या वाटेतला ऊर्जेचा अडथळा काढायचा होता. गणिताची साधी हार्ट्री-फॉक पद्धत तो फारच उंच दाखवते, नेहमी वापरली जाणारी बी३एलवायपी पद्धत कमी. भरवशाचं उत्तर, मोलमागे सुमारे ४ किलोकॅलरी, कपल्ड क्लस्टर ही जास्त अचूक पद्धत देते; पण तिच्यात रेणू दुप्पट झाला की गणित साधारण १२८ पट वाढतं. आमच्या लॅबमधल्या पीसीचं ते काम नव्हे.

२०१९ मध्ये ७९७ टेराफ्लॉप (सेकंदाला सुमारे ७९७ लाख कोटी आकडेमोडी) क्षमतेने सुरू झालेल्या, आयसरच्या परम ब्रह्म या महासंगणकावर संशोधकांची मोठमोठी कामं रांगेत असतात. तिथे मी आले तेव्हा तुम्ही कोअर (प्रोसेसरमधली गणन-एककं) किती हवेत हे विचारलंच नाही. रेणू कोणता, बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या गणिती फलनांचा संच) केवढा, हे विचारलंत. मग स्लर्मची, म्हणजे कामांची रांग लावणाऱ्या प्रणालीची, स्क्रिप्ट ओळीओळीने समजावलीत. कोअर दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही. कपल्ड क्लस्टरला आधी मेमरी आणि स्क्रॅच डिस्क (गणित चालू असतानाची तात्पुरती साठवण) पुरली पाहिजे. वॉलटाइम, म्हणजे कामाला लागणारा घड्याळी वेळ, नेमका मागितला, तर मोठ्या जॉबांच्या मधल्या रिकाम्या वेळात स्लर्मचा शेड्युलर छोटा जॉब बसवतो. हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलं नव्हतं.

चहाच्या वेळी तुम्ही रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे सरांच्या गटाबद्दलही सांगितलंत. मोठ्या रेणूचे तुकडे पाडून गणित करायची पद्धत नव्वदच्या दशकात याच शहरात, पुणे विद्यापीठात घडली, हे ऐकून फार अभिमान वाटला.

ट्रान्झिशन स्टेटला, म्हणजे अडथळ्याच्या माथ्यावरच्या रेणूच्या रचनेला, एकच काल्पनिक (इमॅजिनरी) वारंवारता यायला हवी; रचना बरोबर सापडल्याची ती खूण. ती आली तेव्हा मी धावत तुमच्याकडे आले. हातातलं काम बाजूला ठेवून तुम्ही स्क्रीनवर तो हायड्रोजन हलताना बघत राहिलात. विद्यार्थिनीचं काम म्हणून ते तुम्ही कधी लहान मानलं नाहीत. मला पुढे याच विषयात जायचं आहे, त्यात तुमचा मोठा वाटा आहे.

यंदा आमच्या कॉलेजातून दोघी अशाच समर प्रोजेक्टसाठी अर्ज करताहेत. तुमची स्क्रिप्ट, तुमच्या टिपांसकट, मी त्यांना दिली आहे.

आपली कृतज्ञ,
एक बी.एस्सी. विद्यार्थिनी