रेमेदिओस वारो केवळ ‘स्वप्नचित्रकार’ नव्हत्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अतिवास्तववादी चित्रकलेवरचा लेख आवडला. मात्र दाली, माग्रित आणि माक्स अर्न्स्ट यांना भरपूर जागा देणाऱ्या त्या लेखात रेमेदिओस वारो यांच्या वाट्याला एकच वाक्य आले, आणि त्यातही ‘कवी बाँजामँ पेरे यांच्या सहचरी व स्वप्नांच्या चित्रकार’ एवढीच त्यांची ओळख होती. पहिल्या ओळखीबद्दल फार बोलायला नको. पेरे १९४०च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोहून फ्रान्सला परतले आणि वारो यांची आज नावाजली जाणारी बहुतेक चित्रे त्यानंतरची आहेत. दुसरी ओळख मात्र दुरुस्त करायला हवी.

वारो यांचा जन्म १९०८ साली स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील आंग्लेस या गावी झाला. त्यांचे वडील जलअभियंता होते. नोकरीतल्या फिरतीमुळे कुटुंब गावोगाव हिंडत असे, आणि या मुक्कामांत ते आपले नकाशे व यंत्रांची रेखाटने मुलीकडून पुन्हा काढून घेत. पुढे माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत त्यांचे रीतसर शिक्षण झाले. अतिवास्तववादाचे प्रवर्तक आंद्रे ब्रेताँ यांच्या १९२४च्या जाहीरनाम्याने बुद्धीचा लगाम सोडून मनात येईल ते उमटू देण्याचा आग्रह धरला होता. पॅरिसमध्ये त्याच वर्तुळात वावरलेल्या वारो यांनी मात्र आपल्या प्रगल्भ काळात चित्राचे पूर्ण रेखाटन आधी कागदावर पक्के करायचे, ते फलकावर उतरवायचे आणि मगच रंगाला हात घालायचा, अशी शिस्त पाळली. ओल्या रंगावर कागद दाबून किंवा फुंकर मारून आकस्मिक पोत मिळवण्याची अतिवास्तववाद्यांची युक्ती त्याही वापरत, पण त्या पोतातून धुके किंवा झाडाची साल घडवायची ती अतिशय बारीक कुंचल्याने.

ही शिस्त पोटासाठी केलेल्या कामांतही मुरली. यादवी युद्धातील हुकूमशहा फ्रँकोच्या विजयाने स्पेनची दारे बंद झाली आणि जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर फ्रान्सही सोडावा लागला. मार्सेयमार्गे कासाब्लांका गाठून १९४१च्या अखेरीस त्या जहाजाने मेक्सिकोला निघाल्या. तेथे बायर या औषध कंपनीच्या जाहिरातींसाठी त्यांनी चित्रे काढली आणि त्यांवर आईकडचे ‘उरांगा’ हे आडनाव घातले. प्राचीन मेक्सिकन मातीकामाची डागडुजी केली, नाटकांचे पोशाख केले. व्हेनेझुएलातील मुक्कामात तर हिवतापाच्या निर्मूलनासाठी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जीवांची चित्रे त्या काढत होत्या. या वर्षांना कोणी वाया गेलेला काळ म्हणेल. मला ते पटत नाही.

कारण १९५२ नंतर, वाल्टर ग्रुएन या ऑस्ट्रियन निर्वासिताच्या आधाराने त्यांना पूर्णवेळ चित्रे काढता येऊ लागली, तेव्हा हेच सारे फलकावर आले. ‘पक्ष्यांची निर्मिती’ (१९५७) हे चित्र पाहावे. घुबडाच्या रूपातील एक स्त्री मेजाशी बसली आहे. खिडकीबाहेरच्या अवकाशातून काही तरी खेचून घेणाऱ्या काचपात्रातून तिच्या रंगफळीवर रंग ठिबकतात, एका हातातील त्रिकोणी भिंगातून ताऱ्याचा प्रकाश कागदावर पडतो, आणि दुसऱ्या हातातील कुंचला तिच्या गळ्यातील व्हायोलिनला जोडलेला आहे. काढलेले पक्षी कागदावरून उठून उडू लागतात. यातला चमत्कार खरा वाटतो, कारण रंग कोठून येतो, प्रकाश कोठे वळतो आणि तार कोठे जोडली आहे, याचे उत्तर चित्रात आहे. ‘ओरिनोको नदीच्या उगमाचा शोध’ (१९५९) मध्ये एक स्त्री अंगरख्यासारख्या होडीतून, दोऱ्या ओढत, एका पोकळ झाडाशी पोहोचते. आत मेजावरच्या पेल्यातून नदी उगम पावते. हे जलअभियंत्याच्या लेकीचे चित्र आहे, हे सांगावे लागू नये.

याच काटेकोरपणात त्यांची बंडखोरीही सामावते. ‘पृथ्वीचे वस्त्र भरताना’ (१९६१) मध्ये मनोऱ्यात कोंडलेल्या मुली एका बुरखाधारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली भरतकाम करतात आणि ते कापड खिडक्यांतून बाहेर ओसंडून घरे, झाडे, पाणी बनते. त्यांतील एकीने वस्त्राच्या घडीत स्वतःचे व प्रियकराचे चित्र गुपचूप उलटे भरले आहे. मालिकेतील पुढच्या चित्रात ती दोघे पळून जाताना दिसतात. लहानपणी जोगिणींच्या कॉन्व्हेंट शाळेत झालेल्या शिक्षणाचा हा हिशेब वारो यांनी सुईच्या टोकाने चुकता केला! विनोदाचे अंगही होतेच: ‘मनोविश्लेषकाकडून बाहेर पडणारी स्त्री’ (१९६०) आपल्या वडिलांचे मस्तक दाढीला धरून शांतपणे विहिरीत टाकायला निघाली आहे.

१९५६ साली त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि १९६३ मध्ये, अवघ्या ५४व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मेक्सिको म्हटले की आपल्याकडे फ्रिदा काहलो यांच्यापलीकडे नजर जात नाही, हेही वारो अपरिचित राहण्याचे एक कारण असावे. पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख घेणार असाल, तर वारो यांचे एखादे चित्र निदान अर्ध्या पानाच्या आकारात छापावे, ही विनंती. टपाल तिकिटाएवढ्या छायाचित्रात त्यांच्या तारा, चाके आणि दोरे दिसत नाहीत.

आपली,
एक वाचक, नाशिक