पहिला पॉप कितीला झाला, ते टॅगवर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारखान्यात स्फोट झाला की बातमीत 'सुरक्षा उपकरणांची तपासणी वेळेवर झाली होती का, याची चौकशी सुरू आहे' हे वाक्य हमखास असतं. वेळेवर म्हणजे उपकरणाला अडकवलेल्या टॅगवरच्या तारखेच्या आत. मी चौतीस वर्षं सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब ठरल्यापेक्षा वाढला की आपोआप उघडून, आमच्या भाषेत 'उडून', तो सोडणारी झडप) खोलले, लॅपिंग केलं म्हणजे टेकायच्या जागा घासून सपाट केल्या, दाब देऊन तपासायच्या बेंचवर लावले आणि सील मारून परत पाठवले. ती तारीख कशी ठरते ते जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

पंप बिघडला की आवाज करतो. सेफ्टी व्हॉल्व्ह चांगला असला तरी गप्प असतो आणि अडकला असला तरी गप्पच असतो. दाब वाढून तो उडायची वेळ येईपर्यंत कोणाला काही कळत नाही. म्हणून तर तो मुदतीने काढून तपासायचा. ही मुदत किती, याचं एकच उत्तर सगळ्यांना हवं असतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं ५१० क्रमांकाचं मानक नेहमीच्या प्रोसेससाठी ५ वर्षं आणि स्वच्छ, साका न धरणाऱ्या, न गंजवणाऱ्या माध्यमासाठी १० वर्षं सांगतं. ही कमाल मर्यादा आहे, पण पुष्कळ ठिकाणी ती हक्काची मुदत समजून वापरतात. व्हॉल्व्ह घाणीने भरलेला किंवा अडकलेला सापडला तर कारण शोधा आणि मुदत कमी करा, हेही त्याच मानकात आहे. त्या परिच्छेदापर्यंत फार थोडे लोक पोचतात.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका रिॲक्टरवरचा व्हॉल्व्ह होता, सेट प्रेशर, म्हणजे ज्या दाबाला तो उडायला हवा, १० किलो. (बेंचवर आम्ही दाब किलोतच बोलतो, चौरस सेंटिमीटरला इतके किलो.) तीन वर्षांनी तो शॉपमध्ये आला. आउटलेटच्या तोंडाशी पिवळट, डिंकासारखा थर दिसत होता. नव्या मुलाने मनापासून काम केलं. बेंच घाण होऊ नये म्हणून व्हॉल्व्ह आधी वाफेने धुतला आणि मग लावला. १०.१ ला सुरेख पॉप झाला, म्हणजे झटक्यात उडाला. या दाबाला तीन टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ९.७ ते १०.३. व्हॉल्व्ह पास. सही मी केली. तो कागद पाहून प्लॅंटने मुदत तीनावरून पाच वर्षांवर नेली.

पुढच्या खेपेला, चार वर्षं होऊन गेल्यावर, एका शटडाऊनमध्ये तो परत आला. या वेळी मी कोणाला हात लावू दिला नाही, आला तसा बेंचवर चढवला. १० किलो झाले, ११ झाले, १२ झाले. काटा चढत होता आणि व्हॉल्व्ह हूं की चूं करत नव्हता. १५ किलोला, म्हणजे सेट प्रेशरच्या दीडपटीला, मी दाब सोडून दिला, कारण त्यापुढे जायचं नसतं. खोलला तर डिस्क (झाकणासारखी चकती) नोझलला (खालच्या तोंडाला) चिकटलेली. लाकडी ठोकळ्याने हलके ठोके दिल्यावर सुटली. सीटवर, म्हणजे दोन्ही टेकतात त्या जागी, तोच पिवळा थर, नखाने न निघणारा.

तो नेमका कोणत्या दिवशी चिकटला? सांगता येत नाही. पुन्हा लावल्यावर सहा महिन्यांत चिकटला असेल किंवा काढायच्या आदल्या आठवड्यात. सरासरी धरायची तर त्या चार वर्षांतला निम्मा काळ, म्हणजे दोन वर्षं, त्या रिॲक्टरवर व्हॉल्व्ह नव्हता असंच समजावं लागतं. खाली माणसं रोज पाळीवर येत होती. माझ्या सहीचा कागद फाइलमध्ये होता. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

मुदत ठरवायला सगळ्यात मोलाचा आकडा आल्या अवस्थेतल्या पहिल्या पॉपचा असतो. धुण्याआधीचा, ठोकण्याआधीचा, एकदा उडवून सीट मोकळी करण्याआधीचा. दुसरा आणि तिसरा पॉप फक्त आम्ही काम नीट केलं का ते सांगतात. प्लॅंटमध्ये व्हॉल्व्ह कसा जगला, हे पहिलाच सांगतो. आम्ही तो आकडा वाफेने धुऊन टाकला होता.

यावर 'मग सगळे व्हॉल्व्ह दरवर्षी काढा' असा आग्रह धरणारेही भेटतात. मला ते पटत नाही. प्रत्येक पॉपमध्ये सीट थोडी मार खाते. आडवा टाकून नेलेला, उतरवताना आपटलेला व्हॉल्व्ह शॉपमधून निघताना चांगला आणि लाइनवर बसताना गळका, असं मी कितीदा पाहिलंय. शिवाय काढताना खालचा आयसोलेशन व्हॉल्व्ह (लाइन तोडणारा हाताचा व्हॉल्व्ह) बंद करावा लागतो. तो परत उघडायचा राहिला तर वर बसवलेला नवा कोरा सेफ्टी व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. कोरड्या हवेवरचा व्हॉल्व्ह दोनदा लागोपाठ स्वच्छ निघाला, पहिला पॉप मर्यादेत आला, तर त्याची मुदत वाढवा, माझी हरकत नाही. नव्या प्रोसेसवर मात्र पहिली तपासणी लवकर करा, कारण तिथला इतिहासच कोणाकडे नसतो. आणि एकाच माध्यमावर सारखे पाच व्हॉल्व्ह असतील, त्यातला एक अडकलेला सापडला, तर बाकीच्या चारांच्या तारखेची वाट पाहू नका.

जिथे साका धरतोच, तिथे मुदत कमी करत राहणं हे अर्धंच औषध. व्हॉल्व्हच्या खाली रप्चर डिस्क (ठरल्या दाबाला फुटणारा पातळ पडदा) घालता येते, म्हणजे माल सीटपर्यंत पोचतच नाही. पण मग दोघांच्या मधल्या जागेत प्रेशर गेज हवंच. या रप्चर डिस्कला बारीक भोक पडून मध्ये दाब साठला, तर ती ठरल्यापेक्षा जास्त दाबाला फुटते. ते गेज बघायचं काम रोजच्या फेरीत कोणाच्या तरी नावावर लिहिलेलं असावं.

माझी मागणी छोटी आहे. टॅगवर आज सेट प्रेशर, तपासणीची तारीख आणि पुढची तारीख असते. त्यात दोन ओळी वाढवा: आल्या अवस्थेत पहिला पॉप किती किलोला झाला, आणि खोलल्यावर सीटवर काय सापडलं. व्हॉल्व्ह अडकलेला आला तर 'उडाला नाही' असंच लिहा. 'दुरुस्त करून पास' लिहू नका. शॉपमधल्या पोरांवर त्यासाठी कोणी डाफरणार नाही, हे वरिष्ठांनी आधी सांगून ठेवावं, कारण तो आकडा लपतो तो बहुतेक वेळा भीतीने. धुणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी काही बोललो नव्हतो. आधी उडवायचा आणि मग धुवायचा, हे त्याला कधी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम माझं होतं.

आपला,
सेफ्टी व्हॉल्व्ह शॉपमधला एक निवृत्त फोरमन