पाचवा कार्बन मला फिरवू देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

काल पेपरात ग्लुकोजची रिंग काढायला आली आणि ती मी पाठांतराशिवाय काढली. बाहेर पडल्यावर पहिली आठवण तुमची झाली.

दोन वर्षं मी एकच प्रश्न विचारत होते. ग्लुकोजची सरळ साखळी दाखवणाऱ्या फिशरच्या उभ्या आकृतीत पाचव्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) उजवीकडे असतो. उजवीकडचं ते हॉवर्थच्या, म्हणजे रिंगच्या, आकृतीत खाली जातं, असा नियम. मग त्याच कार्बनवरचा सीएच-टू-ओएच, म्हणजे सहाव्या कार्बनचा गट, वर कसा? एक सर म्हणाले, "पाठ कर, मार्क मिळतात." दुसऱ्यांनी सरळ फळा पुसायला घेतला. वर्ग हसला तेव्हा तेही हसले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही बदली म्हणून आमचं प्रॅक्टिकल घ्यायला आला होतात. मी तोच प्रश्न चाचरत विचारला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. गोळ्या-काड्यांचं मॉडेल माझ्या हातात ठेवलंत, "चौथ्या आणि पाचव्यामधली काडी फिरव" म्हणालात आणि स्वतःचे हात मागे घेतलेत. माझी बोटं अडखळली, एक हायड्रोजन निसटून टेबलाखाली गेला. तुम्ही तो वाकून उचलून दिलात आणि पुन्हा हात मागे. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत.

काडी फिरली तसा पाचव्याचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनच्या समोर आला, आणि त्याच वळशात सीएच-टू-ओएच वर गेला. पाच कार्बन, एक ऑक्सिजन, झाली सहाची रिंग! खाली जायला तो ओएच उरलाच नव्हता, त्याचा ऑक्सिजन रिंगमध्येच शिरला होता.

मग पहिल्या कार्बनवरचा नवा ओएच तुम्ही बोटाने दाखवलात. खाली असला तर अल्फा, वर असला तर बीटा. पहिल्या कार्बनचा अल्डिहाइड गट सपाट असतो, पाचव्याचा ऑक्सिजन त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी येऊ शकतो, म्हणून दोन्ही होतात. द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती अंश फिरवतं ते मोजणाऱ्या पोलरीमीटरचे आकडे त्यानंतर घोकावेच लागले नाहीत. ताजं अल्फा द्रावण +११२ अंशांवरून उतरतं, बीटा +१८.७ वरून चढतं आणि दोन्ही +५२.७ वर येऊन थांबतात, कारण पाण्यात रिंग उघडत-मिटत राहते. शेवटी साधारण ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली, ताई. समोरच्याचा प्रश्न खरा मानून त्याला कळेपर्यंत थांबणारी फार थोडी. तेवढा चांगुलपणा शिकवणाऱ्याकडे असला की मागच्या बाकावरची मुलगीही हात वर करते. मी करायला लागले.

त्या दिवशी तुम्ही मॉडेल सोडवून एकेक गोळी डब्यात भरत होतात. मी दारात घुटमळले, पण शब्द फुटले नाहीत. मनापासून आभार.

तुमची,
तिसऱ्या टेबलावरची विद्यार्थिनी