वंशावळीत बायकांची नावेही घाला

संपादक महोदय,

मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातला आनुवंशिक अंश) आईकडून लेकरांत येतो, पुढे मात्र लेकीच तो नेतात. त्यावरून २०१२ साली आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरच्या लोकांचे मूळ शोधले गेले. सुमारे १२०० वर्षांपूर्वी जेमतेम ३० बायकांपासून तिथली वस्ती वाढली आणि त्यातल्या बहुतेक इंडोनेशियाकडच्या, अख्खा हिंदी महासागर ओलांडून आलेल्या! वाचून अंगावर काटा आला.

आमच्या करवीर तालुक्यात वंशावळ सांगणारे हेळवी येतात, चोपडी उघडून खापरपणजोबापर्यंतची नावे घडाघडा वाचतात. आमच्या घराच्या पानावर मात्र एकाही बाईचे नाव नव्हते. यंदा त्यांना द्यायचे जोंधळे सुपात घालायच्या आधी मी आईचे आणि सासूबाईंचे नाव, माहेरच्या गावासकट लिहून घ्यायला लावले. हेळव्यांनी ते आनंदाने लिहिले. बाकीच्या घरांनीही एवढे सांगावे, ही विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर