आधी ओवीच्या पोटगीचं बघ

पुणे, रविवार

प्रिय सुजाता,

तुझं पत्र मिळालं. घटस्फोटाबद्दल तू चार पानं लिहिलीस आणि लेकीच्या, ओवीच्या पोटगीबद्दल एकच ओळ. मी आधी पोटगीचंच लिहिते, कारण निकालाला वर्षं लागतील आणि शाळेची फी जूनमध्येच भरायची असते.

तू वाईला माहेरी राहतेस, तर अर्जही तिकडच्याच कोर्टात टाक. पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) तुझ्यासाठी आणि ओवीसाठी पोटगी माग. त्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्जही दे. नवऱ्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. घोडं अडतं ते बजावणीपाशी, म्हणजे नोटीस त्याच्या हातात पडण्यापाशी. पत्ता अर्धवट असला किंवा दाराला कुलूप असलं की ती तशीच परत येते आणि पुढची तारीख पडते. म्हणून घराबरोबर त्याच्या ऑफिसचा पत्ता, मोबाइल आणि ईमेलही अर्जात घाल.

सगळ्यात जास्त मेहनत घे ती शपथपत्रावर. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितली. म्हणजे तू थांबशील तेवढे महिने हातचे जातील. ओवीचा खर्च 'महिना 12,000' असा ठोकळ लिहू नकोस. वहीत मांड: फी वर्षाला 48,000, म्हणजे महिन्याला 4,000, रिक्षा 1,200, मग दूध, औषधं, गणवेश, वह्या, आणि प्रत्येकापुढे पावती. त्याच्या पगारपत्रकात घराचा हप्ता, पतपेढीचं कर्ज, ऐच्छिक बचत असं सगळं कापून हातात थोडंसंच उरलेलं दिसेल. वकिलांना एकूण पगाराचा रकाना दाखवायला सांग. प्राप्तिकर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी सोडला तर बाकीची कपात न्यायालय सहसा धरत नाही. तुझी शिकवणीची कमाई मात्र लपवू नकोस गं. बँकेचा उतारा समोर आला की तुझ्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

वकिलाच्या फीची चिंता सोड. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज कर किंवा 15100 वर फोन लाव.

आता ओवीचा ताबा. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे ठेवतात, पण ओवी सात वर्षांची आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नकोस. शाळा किती लांब, दुपारी घरी कोण, अभ्यास कोण घेतं, हे बघितलं जाईल. न्यायाधीश तिला चेंबरमध्ये बोलावून विचारूही शकतात. तिला पढवू नकोस. मोठ्यांची वाक्यं लेकराच्या तोंडी लगेच ओळखू येतात. पोटगी थकली म्हणून बापाची भेटही अडवू नकोस. पैसे वसूल करायचा रस्ता वेगळा आहे, आणि भेट अडवली तर ताब्याच्या अर्जात ते तुझ्याच विरुद्ध जातं.

त्याच्याकडून संमतीने घटस्फोटाचा निरोप येईल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब ला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं. अर्जानंतर थांबायचे सहा महिने सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालामुळे योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात. पण घाईत 'यापुढे मुलीसाठी काही मागणार नाही' अशा ओळीवर सही करू नकोस. हक्क ओवीचा आहे, तो तुला सोडता येत नाही. तरी ती ओळ पुढे प्रत्येक अर्जात आडवी येते. त्याऐवजी रक्कम, दरवर्षीची वाढ, जमा करायची तारीख, सुट्ट्यांची वाटणी, आजारपणाचा खर्च आणि पासपोर्टसाठी सही कोण देणार, हे लिहून घे.

आदेशानंतर हप्ते थकले तर गप्प बसू नकोस. वसुलीच्या वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाक. तो तुरुंगात गेला तरी थकबाकी फिटत नाही.

अर्ज टाकायला जाताना लग्नाचा दाखला, ओवीचा जन्मदाखला, दोघींची आधार कार्डं आणि त्याची एखादी जुनी पगारस्लिप असेल तर ती, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स ने. अर्जाचा नंबर पडला की लगेच कळव.

तुझी,
मीना