सिमेंटचा हिशोब महारेराच्या फॉर्मात मागा: गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

विषय: गृहप्रकल्पांच्या त्रैमासिक अहवालात कार्बन उत्सर्जनाची माहिती सक्तीची करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यात बिलिंग इंजिनिअर आहे. साइटवर किती सिमेंट आलं, किती लागलं आणि किती ‘गेलं’ याचा मेळ घालणं हे माझं रोजचं काम. त्या जोरावर एकच मागणी करतो. मोठ्या गृहप्रकल्पांनी वापरलेलं सिमेंट, सळई आणि डिझेल दर तिमाहीला महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जाहीर व्हावं, आणि त्यावरून निघणारं उत्सर्जनही.

ब्रोशरवर ‘नेट झीरो’ (निव्वळ शून्य उत्सर्जन) आता क्लब हाउसच्या शेजारी येऊन बसलं आहे. त्यामागचा हिशोब बघा. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात उत्सर्जनाचे गट आहेत: स्कोप १ म्हणजे स्वतः जाळलेलं इंधन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. विकत घेतलेल्या मालाचं उत्सर्जन पडतं स्कोप ३ मध्ये, आणि ते सांगणं ऐच्छिक. आता बिल्डर स्वतः जाळतो काय? जनरेटरचं डिझेल. यंत्रं बहुतेक वेळा ठेकेदाराची. म्हणजे इमारत उभी राहते सिमेंट-लोखंडावर आणि अहवाल निघतो जनरेटर आणि सेल्स ऑफिसच्या एसीवर! तेही लिस्टेड कंपन्यांपुरतं. आपल्याकडच्या कितीतरी साइट भागीदारी फर्म किंवा एलएलपीच्या नावावर असतात, त्यांना सेबीचा वाराही लागत नाही.

सिमेंटचं दुखणं कोळशापुरतं नाही. चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच असतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो सुटणारच. मुंबईच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्याने २०५० चं नेट झीरो जाहीर केलं, पण शहराच्या हिशोबात मुख्यतः वीज, वाहतूक आणि कचरा. इथल्या टॉवरला लागणाऱ्या सिमेंटचा धूर भट्टी जिथे असेल, चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरला किंवा आवारपूरला, तिथल्या खात्यावर पडतो.

मोजायचं कसं, असं विचारलं जाईल. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी गेटवर येते तेव्हा चलनासोबत बॅच रिपोर्ट असतो. सिमेंट किती किलो, फ्लाय अ‍ॅश (वीज केंद्रातली कोळशाची राख) किती, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किती, पाणी, अ‍ॅडमिक्श्चर, सगळं छापलेलं. घनमीटरला ४०० किलो ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, असेल तर साधारण ३५० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सहा घनमीटरच्या एका गाडीमागे दोन टन. त्यातलं ३० टक्के सिमेंट काढून फ्लाय अ‍ॅश घातली की उत्सर्जनही जवळपास तेवढंच उतरतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाला ते चालतं, आणि कोराडी-चंद्रपूरच्या वीज केंद्रांकडे राखेला तोटा नाही.

मग का घालत नाहीत? कारण स्लॅब सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचे दिवस. फ्लाय अ‍ॅशचं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. मायवानचं शटरिंग (अॅल्युमिनियमचे साचे) दुसऱ्या दिवशी भिंतीवरून सुटायला हवं, सात दिवसांत पुढचा स्लॅब पडायला हवा, म्हणून ओपीसीचा डोस वाढवतात. २८ दिवसांची क्यूब (चाचणीसाठी काढलेला काँक्रीटचा ठोकळा) मागितलेल्या ताकदीपेक्षा कितीतरी वर फुटते आणि मीटिंगमध्ये तिचं कौतुक होतं. खरं तर ते जास्तीचं सिमेंट गरज नसताना ओतलेलं असतं. ते कुठल्याच अहवालात दिसत नाही, म्हणून कुणी त्यावर वादही घालत नाही.

नवा कायदा करायची गरज नाही. रेरा कायद्याच्या कलम ११ नुसार प्रकल्पाची माहिती दर तिमाहीला अद्ययावत करावी लागतेच, आणि प्राधिकरण विनियम करून आणखी माहिती मागू शकतं. महारेराला दातही आहेत. तिमाही माहिती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी २०२३ मध्ये स्थगित झाली होती.

बिल्डर म्हणतील, मिक्स डिझाइन हे आमचं गुपित. ते नकोच, एकूण टन पुरेत. खोटे आकडे भरतील ही भीती मला जास्त आहे. पण प्रकल्पाच्या बँक खात्यातून पैसे काढताना खर्चावर सीएचं प्रमाणपत्र लागतंच. सिमेंट-सळईची जीएसटी बिलं त्याच फाइलला असतात. ताळा तिथेच पडेल.

जाता जाता एक, खातं आपलं नसलं तरी. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत (यूडीसीपीआर) ग्रीन रेटिंग मिळवणाऱ्या इमारतीला ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय, म्हणजे तेवढं जास्त बांधकाम, मिळतो. कमी प्रदूषणाचं बक्षीस म्हणून जास्त काँक्रीट! निदान त्या बक्षिसासाठी तरी प्रति चौरस मीटर उत्सर्जनाची अट घाला, हे नगरविकास खात्याला आपण सांगू शकाल. डेन्मार्कने २०२३ मध्ये १,००० चौ. मी.हून मोठ्या नव्या इमारतींना अशी मर्यादा घातली, आणि त्यात बांधकामाचा मालही धरला.

आपल्याकडे सुरुवात २०,००० चौ. मी.च्या वरच्या प्रकल्पांपासून करता येईल. त्यांना पर्यावरण मंजुरी लागते आणि सहामाही अनुपालन अहवाल द्यायची सवय त्यांना आहे. पहिलं वर्षभर दंड नको, फक्त आकडे उघड करा. फ्लॅट घेणारा माणूस दोन प्रकल्पांचा कार्पेट एरिया शेजारी ठेवून बघतो, तसं हेही बघेल किंवा बघणार नाही, ते त्याच्यावर सोडा. महारेराकडे इंजिनिअरच्या सहीने जाणाऱ्या फॉर्म २ मध्ये तीन रकाने वाढवायचे आहेत. आकडे आमच्या एक्सेलमध्ये आहेत.

आपला,
एक बिलिंग इंजिनिअर, पुणे