हिप्परग्याच्या शिवारातल्या काका-काकूंचे आभार

शनिवारी हिप्परगा तलावाकडच्या पाणंदीत आमच्या ग्रुपच्या मोटारसायकली शिरल्या आणि पाऊस लागला. आपली काळी माती भिजली की थरावर थर चढतो. मडगार्ड आणि टायरमधली फट गच्च भरली, पुढची चाकं जाम झाली. अशा वेळी नुसती रेस दिली तर क्लचप्लेटा जळतात.

वस्तीवरचे काका आणि त्यांचा मुलगा पावसातच धावत आले. "गाडी रेटू नका, आधी मडगार्ड काढा," म्हणाले. घरातून १० नंबरचा पाना आणला, तुराटीने चिखल खरवडला. मग मागच्या चाकाखाली तुराट्या अंथरून एकेक गाडी कमी रेसवर बाहेर काढली. चेन डिझेल आणि जुन्या ब्रशने धुऊन ऑईलही त्यांनीच सोडलं. बोल्टांची सरमिसळ होऊ नये म्हणून मुलाने प्रत्येक गाडीचे बोल्ट वेगळ्या वाटीत ठेवले होते! एवढी काळजी घरचं माणूसच घेतं.

ओल्या काळ्या मातीत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. काकांनी गोठ्यापुढची मुरमाची जागा दिली, दोऱ्या बैलगाडीच्या चाकाला बांधल्या. काकूंनी गरम भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. पैशाला कुणी हात लावला नाही.

काका, काकू, दादा, तुमचे मनापासून आभार. वाट्या धुऊन गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवल्यात.